कॅरिॲटिड म्हणजे गुलाम बाई? मग तिची मान इतकी ताठ कशी

तुमचा प्रश्न असा: एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करताना 'कॅरिॲटिड' हा शब्द आडवा आला. कोशात 'स्त्रीरूपी खांब' एवढंच सापडलं. दुसरीकडे वाचलं की या शिक्षा म्हणून ओझं वाहणाऱ्या गुलाम बायका. आणि एका मित्राने 'शालभंजिका लिहा आणि मोकळे व्हा' असं सुचवलं. यातलं खरं काय, आणि मराठीत लिहायचं काय?

आधी उत्तर देऊन टाकते. कोश बरोबर आहे, पण अपुरा. गुलामांची गोष्ट दोन हजार वर्षं जुनी आहे, तरी दगडाशी तिचा मेळ बसत नाही. आणि शालभंजिका तर नकोच. जुन्या इमारतींच्या डागडुजीत माझी तीसेक वर्षं गेली, त्यातली निम्मी वर्षं वास्तुकलेचा इतिहासही शिकवला, त्यामुळे कारणं सांगताना उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

ग्रीसच्या दक्षिणेला, स्पार्टाच्या मुलखात, कॅरिआय नावाचं गाव होतं. ग्रीक भाषेत 'कॅरिआ' म्हणजे अक्रोडाचं झाड, म्हणजे हे अक्रोडांचं गाव. तिथे आर्टेमिस देवीचं ठाणं होतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाचा प्रवासी तिथून गेला. देवीची मूर्ती उघड्यावर आहे आणि दरवर्षी स्पार्टाच्या कुमारिका तिच्यापुढे गावच्या रिवाजाप्रमाणे फेर धरतात, असं तो लिहितो. देवीचं नाव आर्टेमिस कॅरिआटिस. गावावरून देवीचं नाव पडणं आपल्याला नवीन नाही. याला एक पुराणकथाही जोडलेली आहे: लॅकोनियाच्या राजाची मुलगी कॅरिआ, तिच्यावर मद्याचा देव डायोनिसस याचा जीव जडला, पुढे ती गेली आणि त्याने तिला अक्रोडाचं झाड केलं. ती गेल्याची वार्ता लोकांना आर्टेमिसने सांगितली, म्हणून देवीला ते नाव, असं ही कथा म्हणते. तेव्हा 'कॅरिआटिस' म्हणजे कॅरिआयची बाई, आणि त्याचं अनेकवचन 'कॅरिआटिडेस'. हे अनेकवचन लॅटिनमधून, फ्रेंचमधून फिरत सोळाव्या शतकात इंग्रजीत पोचलं. तिथे शेपूट छाटून 'कॅरिॲटिड' हे एकवचन झालं. उच्चारताना जोर 'ॲ'वर द्या.

आतापर्यंत खांबाचा कुठे पत्ता नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. खांब आणला व्हिट्रुव्हिअसने.

हा रोमन वास्तुकार इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. वास्तुकलेवरचा त्याचा दहा भागांचा ग्रंथ शाबूत राहिला, आणि प्राचीन काळातला त्या विषयावरचा दुसरा कोणताच ग्रंथ तसा राहिला नाही. त्यामुळे युरोपातले वास्तुकार पुढे त्याचा शब्द वेदवाक्य मानू लागले. पहिल्याच भागात तो म्हणतो की वास्तुकाराला इतिहास यायला हवा, कारण 'हे नक्षीकाम इथे का?' असं कोणी विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. आणि उदाहरण देतो ते नेमकं हेच. कॅरिआय गावाने ग्रीकांविरुद्ध इराण्यांना साथ दिली. युद्ध जिंकल्यावर ग्रीकांनी गाव लुटलं, पुरुष मारले, बायका गुलाम केल्या. त्यांना आपली उंची वस्त्रं आणि दागिने उतरवू दिले नाहीत, म्हणजे अपमान कायम डोळ्यांसमोर राहील. मग वास्तुकारांनी त्यांच्या मूर्ती खांबांच्या जागी उभ्या केल्या, पिढ्यान् पिढ्या ओझं वाहायला. तुम्ही वाचलीत ती गोष्ट ही.

गोष्ट झकास आहे, वर्गात सांगितली की पोरं मोबाईल खाली ठेवतात. पण हिशेब लावून बघा. इराणचा राजा झर्क्सिस याची ग्रीसवरची स्वारी इसवी सनपूर्व ४८० ची. डेल्फीच्या देवस्थानात सिफ्नोस बेटाच्या लोकांनी आपला कोशागार, म्हणजे देवाला वाहिलेल्या मौल्यवान वस्तू ठेवायची छोटी इमारत, बांधला तो साधारण इसवी सनपूर्व ५२५ ला, आणि त्याच्या दारावर दोन खांबांऐवजी दोन स्त्रिया उभ्या होत्या. त्याच्याही आधी निडोसच्या कोशागाराला तशाच. म्हणजे शिक्षेच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीच शिक्षा भोगणाऱ्या मूर्ती उभ्या! शिवाय इराणी युद्धाचा एवढा बारीक वृत्तांत देणारा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस कॅरिआयच्या फितुरीबद्दल अवाक्षर काढत नाही. गाव उद्ध्वस्त झालं हे मात्र खरं, पण ते शंभरेक वर्षांनी. इसवी सनपूर्व ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्ज या ग्रीक नगराने स्पार्टाला लोळवलं तेव्हा कॅरिआय थीब्जच्या बाजूला गेलं, आणि तीनच वर्षांत स्पार्टाचा सेनानी आर्किडामस याने ते घेऊन हाती लागलेल्यांना कापून काढलं. ग्रीक इतिहासकार झेनोफोनने ते लिहून ठेवलंय. माझा कयास असा की तोंडोतोंडी दोन घटना एकमेकींत मिसळल्या आणि व्हिट्रुव्हिअसच्या कानावर आली ती खिचडी.

ज्यांनी त्या घडवल्या ते त्यांना काय म्हणत होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर इरेक्थिऑन नावाचं देऊळ आहे. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या कॅरिॲटिड तिथल्या. बांधकाम इसवी सनपूर्व ४२१ च्या सुमाराला सुरू झालं, मधे युद्धामुळे रखडलं, आणि ४०९ मध्ये एका समितीने कुठवर काम झालंय आणि काय राहिलंय याची दगडन् दगडाची यादी शिलालेखात कोरून ठेवली. आपल्या कंत्राटातल्या मोजमाप-वहीसारखीच ही यादी आहे. तीत एक नोंद अशी की केक्रॉपच्या स्थानाजवळच्या ओसरीत, मुलींच्या डोक्यावरचे छताचे दगड वरून घडवायचे बाकी आहेत, लांबी तेरा फूट, रुंदी पाच फूट. मूळ शब्द 'कोराय'. 'कोरे' म्हणजे मुलगी, कुमारिका. गुलाम, फितूर, कॅरिआय, कशाचा उल्लेख नाही. साईटवरचा मुकादम 'त्या पोरींच्या वरचा स्लॅब राहिलाय' म्हणेल, इतकं ते साधं आहे. मला ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं होतं, कारण कितीही थोर देऊळ असलं तरी शेवटची पाच टक्के कामं कधी संपत नाहीत.

आता मूर्तींजवळ जाऊ. देवळाच्या दक्षिण बाजूला, पार्थेनॉन या मोठ्या देवळाकडे तोंड करून एक छोटी ओसरी आहे. खाली उंच जोतं, त्यावर सहा मुली: समोर चार, मागे दोन्ही बाजूंना एकेक. उंची सव्वादोन मीटरच्या वर, दगड पेंटेली डोंगराचा संगमरवर. भार वाहायच्या दृष्टीने माणसाच्या शरीरात दोन जागा अवघड असतात, मान आणि घोटे. घोट्यांची अडचण सोपी, घोळदार वस्त्र जमिनीपर्यंत सोडलं की पाय, वस्त्र सगळा एकसंध दगड होतो. मानेचं काय करायचं? मान बारीक ठेवली तर छताच्या भाराने तिथेच तुटणार, जाड केली तर मुलगी पहिलवान दिसणार. त्या कारागिराने केसांच्या जाड वेण्या घालून त्या पाठीवर सोडल्या, काही बटा खांद्यांवरून पुढे घेतल्या. समोरून बघाल तर नाजूक मान. मागे जाऊन बघाल तर मानेएवढाच आणखी दगड वेणीच्या रूपाने डोकं आणि पाठ जोडतोय. भाराचा रस्ता केसांतून काढलाय! फोटोंमध्ये हे दिसत नाही, कारण सगळे फोटो समोरून काढतात. अथेन्सच्या संग्रहालयात मूर्तींभोवती फिरता येतं. मी तिथे गेले तेव्हा अर्धा तास पाठीमागेच उभी होते.

दुसरी गंमत पायांची. प्रत्येकीचा एक गुडघा किंचित वाकलेला आहे, म्हणजे अंगाचा भार एका पायावर. समोरून पाहताना डावीकडच्या तिघींचा भार उजव्या पायावर, उजवीकडच्या तिघींचा डाव्या पायावर. म्हणजे दोन्ही बाजूंना भाराचा पाय बाहेरचा. त्या पायावरच्या वस्त्राच्या चुण्या सरळ, खोल, ओळंब्यात उतरलेल्या, आणि वाकलेल्या गुडघ्यावर कापड अंगाला चिकटलेलं. मुंबईच्या एशियाटिकच्या पायऱ्या तुम्ही चढला असाल. १८३३ सालची ती इमारत, पूर्वीचा टाऊन हॉल. तिथे ग्रीक धाटणीचे डोरिक खांब आहेत, त्यांच्यावर उभ्या पन्हळी कोरलेल्या आहेत. विद्यार्थ्यांना मी तिथे नेते, डोळे मिटून त्या पन्हळींवरून तळवा फिरवायला सांगते आणि मग कॅरिॲटिडच्या चुण्यांचा फोटो दाखवते. खांब आणि बाई यांचं नातं मग वेगळं समजवावं लागत नाही. डोरिक खांबाचं प्रमाण पुरुषाच्या शरीरावरून आणि आयोनिक या दुसऱ्या ग्रीक धाटणीच्या खांबाचं बाईच्या शरीरावरून घेतलं, असंही व्हिट्रुव्हिअसच सांगतो. हे त्याचं म्हणणं मात्र मला पटतं, निदान खांबाकडे बघायची ग्रीकांची नजर त्यात आहे.

आणि वरचा भार त्यांनी मुद्दाम कमी केला. ग्रीक देवळात खांबांवर आधी तुळई, तिच्यावर शिल्पांचा पट्टा, मग कपोत म्हणजे बाहेर आलेली कड, असे थर येतात. या ओसरीत मधला पट्टाच गाळलाय. प्रत्येकीच्या डोक्यावर उशीसारखं गोल स्तंभशीर्ष, त्यावर चौकोनी फळी, मग थेट तुळई. पाणी भरणाऱ्या बाईची चुंबळ आठवते. ओझं आहे, पण चेहऱ्यावर ओझ्याचा ताण नाही, खांदे उतरलेले नाहीत. गुलामीची शिक्षा दाखवायची असती तर ज्या हातांनी वेण्यांचा हिशेब केला, त्यांना वाकलेला कणा दाखवणं जड नव्हतं.

मग त्या तिथे काय करताहेत? त्यांचे हात कोपराखाली तुटलेत, त्यामुळे फार वर्षं हा वाद चालू होता. रोमजवळ टिव्होलीला सम्राट हेड्रिअनच्या प्रासादात तळ्याकाठी याच मूर्तींच्या रोमन प्रती उभ्या होत्या. त्या १९५२ मध्ये सापडल्या आणि त्यांचे हात शाबूत निघाले: एका हाताने वस्त्र सावरलेलं, दुसऱ्यात 'फिआले', म्हणजे देवाला किंवा मृताला पेय अर्पण करायची उथळ वाटी. शिलालेखातला 'केक्रॉपचं स्थान' हा उल्लेख इथे उपयोगी पडतो. केक्रॉप हा अथेन्सचा पुराणातला पहिला राजा, वरून माणूस आणि खालून सर्प. अथेना आणि पोसायडन यांच्यात नगर कोणाचं यावरून चुरस लागली, पोसायडनने त्रिशूळ मारून खारं पाणी काढलं, अथेनाने ऑलिव्हचं झाड उगवलं आणि जिंकली. ती कथा याच जागेची, आणि केक्रॉप त्याच काळातला. त्याची समाधी या ओसरीच्या पायथ्याशी मानली जाई. तेव्हा या मुली राजाच्या समाधीवर तर्पणाच्या वाट्या घेऊन उभ्या आहेत, हा तर्क आज बरेच अभ्यासक धरतात. मला तो सर्वांत कमी ओढाताणीचा वाटतो. डोक्यावर पूजेची टोपली घेतलेल्या मुलींना 'कॅनेफोरा' असा वेगळा शब्द आहे. तुमच्या कादंबरीत टोपलीवाल्या असतील तर तो वापरतात. (रोबस्टा कॉफीचं शास्त्रीय नाव 'कॉफिया कॅनेफोरा' आहे ते याच शब्दावरून. या माहितीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, पण मला आवडते.)

पुरुष खांबांचा शब्द वेगळा: 'ॲटलस', अनेकवचन 'ॲटलांटीज'. रोमन लोक 'टेलामोन' म्हणत. आकाश पेलणारा टायटन ॲटलस सर्वांना माहीत असतो. सिसिलीत अक्रागासला, म्हणजे आजच्या ॲग्रिजेंटोला, झ्यूसचं अवाढव्य देऊळ होतं. तिथले टेलामोन साडेसात मीटरहून उंच, दगडाचे तुकडे थरावर थर रचून केलेले, कोपर वर, हात डोक्यामागे. इसवी सनपूर्व ४०६ मध्ये कार्थेजने शहर लुटलं तेव्हाही ते देऊळ पुरं झालेलं नव्हतं. त्यांच्याकडे बघितल्यावर ओझं म्हणजे काय ते कळतं. पुरुषाने भार पेलायचा तर दंड फुगवून, आणि बाईने पेलायचा तर काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. अडीच हजार वर्षांत यात फारसा फरक पडलेला दिसत नाही. असो.

ॲटलस आणि टेलामोन या दोन्ही नावांत भाषाशास्त्रज्ञ 'तला' म्हणजे पेलणं, सोसणं हा धातू पाहतात, आणि तोच धातू संस्कृत 'तुला'शी जोडतात. आपलं तोलणं, आपली तुळई त्यातूनच आली. म्हणजे ज्याच्या डोक्यावर तुळई टेकते त्याचं नाव आणि तुळईचं नाव लांबून भावंडं. नकाशांच्या पुस्तकाला 'ॲटलस' हे नाव नकाशाकार मर्केटरच्या १५९५ मध्ये निघालेल्या ग्रंथावरून रूढ झालं. त्याच्या मनात होता तो मॉरिटानियाचा ज्ञानी राजा ॲटलस, आकाश पेलणारा टायटन नव्हे. तो दुसऱ्या दिवसाचा विषय.

इंग्रजी कादंबरीत हा शब्द इतक्या सहज का येतो, तर युरोपातल्या शहरांत या बायका नाक्यानाक्यावर आहेत. पॅरिसमध्ये शिल्पकार झ्यां गुजोंने लूव्रच्या दालनात १५५० मध्ये चार कॅरिॲटिड केल्या, त्याही ग्रीसला न जाता. १८७२ पासून पॅरिसभर लागलेली, वॉलेस या दानशूर माणसाच्या नावाची बिडाची पाणपोई घ्या, तिच्या घुमटीखाली चार कॅरिॲटिड आहेत: दया, साधेपणा, दान आणि संयम. लंडनला युस्टन रोडवर सेंट पँक्रस चर्च आहे, बांधकाम १८१९ ते १८२२. इन्वुड या वास्तुकार बापलेकांनी इरेक्थिऑनची ओसरीच उचलून तिथे दोन्ही अंगांना लावली. मूर्ती शिल्पकार रोसीने भाजक्या मातीच्या, तुकड्यातुकड्यांनी केल्या आणि बिडाच्या खांबांभोवती बसवल्या. जागेवर आणल्यावर त्या उंच भरल्या म्हणून मधला तुकडा काढून बुटक्या केल्या, असं सांगतात. बघितल्यावर पोटाशी काहीतरी चुकलंय हे जाणवतं खरं. त्या ओसऱ्यांखाली दफनाचं तळघर आहे, म्हणून त्यांच्या हातात विझलेल्या मशाली आणि रिकामे घडे. तिथे भार वाहतं बीड. मातीच्या बायका म्हणजे छताला चिकटलेली पाल, जिला वाटतं छत आपणच धरलंय.

हे पालीचं मी उगाच म्हणत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या बंगल्याचं काम हाती होतं. पोर्चला दोन बाजूंना सिमेंटच्या दोन बायका, डोक्यावर घडा, घड्यावर स्लॅब. रंगाचे सहा-सात थर बसून नाकडोळे बुजलेले. मालकांना गाडी वळवायला जागा हवी होती. कंत्राटदार म्हणाला, 'मॅडम, नुसता शो आहे, अर्ध्या दिवसात उडवतो.' मीही वरवर ठोकून पाहिलं, पोकळ आवाज आला, आणि मी हो म्हणाले. चूक माझीच. आमचा गवंडी मात्र अडून बसला, म्हणाला, आधी टेकू लावतो, मग हात लावतो. त्याने स्लॅबखाली बल्ल्यांचे टेकू ठोकले, पाचर मारली आणि मग एकीच्या पाठीचा गिलावा छिन्नीने सोलला. आत वीटकाम, विटांच्या आत चार इंची बिडाचा नळ, आणि तो थेट स्लॅबखालच्या लोखंडी पट्टीला भिडलेला. नळाभोवती पोकळी होती, म्हणून आवाज पोकळ. सगळा पोर्च त्या दोन नळांवर उभा होता. टेकू नसता तर अर्ध्या दिवसात काय उडालं असतं ते सांगायला नको. तेव्हापासून कोणतीही मूर्ती 'नुसता शो' आहे असं कोणी म्हटलं की मी आधी वर बघते, मग खाली, आणि भार जमिनीपर्यंत कुठून उतरतोय ते बोट ठेवून दाखवायला लावते.

खऱ्या सहाजणींचं पुढे काय झालं तेही थोडक्यात. समोरच्या चौघींतली डावीकडून दुसरी लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश उमरावाच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून नेली, ती १८१६ पासून ब्रिटिश म्युझियमकडे आहे. बहिणीसाठी उरलेल्या पाचजणी रात्री रडतात, अशी दंतकथा अथेन्समध्ये सांगतात. त्या पाचजणी शहराच्या धुराने झिजायला लागल्या म्हणून १९७९ मध्ये आत हलवल्या. देवळावर आज दिसतात त्या प्रती. २००९ मध्ये नवं ॲक्रोपोलिस संग्रहालय उघडलं तेव्हा पाचजणींना त्यांच्या मूळ रचनेत उभं केलं आणि सहावीची जागा मोकळी सोडली. त्यांची काजळी लेझरने काढायचं काम तिथेच, लोकांच्या डोळ्यांदेखत, पडदे लावून एकेकीचं चाललं आणि २०१४ मध्ये संपलं. अंगावरचा पिवळसर साय आलेला जुना थर राखून फक्त काळा थर उतरवायचा, हे काय नाजूक काम आहे ते ज्याने दगडावरची काजळी कधी ब्रशने काढून पाहिलीय त्यालाच कळेल.

आता मराठी शब्दाचं. शालभंजिका का नको? सांचीच्या पूर्व तोरणावरची प्रसिद्ध शालभंजिका डोळ्यांसमोर आणा. एक हात फांदीला, अंग तिरकं, तोरणाच्या खांबाच्या बाहेर हवेत झुललेली. तिच्या डोक्यावर काहीही टेकलेलं नाही. ती झाडाची फांदी वाकवते म्हणून ती शालभंजिका, नावातच झाड आहे. कॅरिॲटिडच्या नावातही अक्रोडाचं झाड आहे, हा योगायोग गोड आहे, पण त्यावर पूल बांधू नका. एक झुलते, दुसरी पेलते. देवळांच्या बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरीही याच कारणाने बाद.

भार पेलणारे आपल्याकडे आहेत, पण ते बहुतेक बुटके पुरुष. सांचीच्याच पश्चिम तोरणावर खांबांच्या माथ्याला ढेरपोटे यक्ष आहेत, दोन्ही हात वर करून तोरणाच्या आडव्या तुळया धरलेले. आपल्या पितळखोऱ्याला सापडलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: डोक्यावर उथळ पात्र, तोंडभर हसू, आणि हातावर कोरलेलं की हा कण्हदास सोनाराने केला. सोनाराने दगड घडवलाय, त्यामुळे गळ्यातले दागिने काय बारकाईने आलेत ते बघा. पुढे यादवकाळातल्या देवळांत मंडपाच्या खांबांच्या माथ्यावर चार दिशांना चार बसक्या आकृती हातांनी, खांद्यांनी तुळई उचलून धरतात, त्यांना आपण 'कीचक' म्हणतो. भीमाने हातपाय धडात दाबून ज्याचा गोळा केला तो कीचक, त्या आखडलेल्या आकृत्या बघितल्या की ती गोष्ट आठवतेच. ग्रीक ॲटलस आपल्या उपखंडात खरोखर आला तो गांधारात. तिथल्या स्तूपांच्या जोत्यांत गुडघे टेकून बसलेले, कधी पंखही असलेले ॲटलस आहेत. पण तेही पुरुषच. उभी, ताठ, डोक्यावर थेट तुळई घेतलेली बाई आपल्या परंपरेत रुळली नाही, म्हणून तिला तयार शब्दही नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. वास्तूचं वर्णन असेल तर पहिल्या वेळी 'कॅरिॲटिड, म्हणजे खांबाच्या जागी उभ्या केलेल्या स्त्रीमूर्ती' असं वाक्यातच उलगडा, पुढे नुसतं 'कॅरिॲटिड' चालवा. मराठीच हवं असेल तर 'स्तंभकन्या' करा, 'कोराय'ला ते जवळचं आहे. 'भारवाहिनी' हमालीसारखं वाटतं आणि व्हिट्रुव्हिअसच्या गोष्टीला आणखी बळ देतं. पुरुष असतील तर 'कीचकासारखे' म्हणायला हरकत नाही, मराठी वाचकाला लगेच दिसतील.

आणि लेखकाने तो शब्द उपमेसाठी वापरला असेल, म्हणजे कोणी बाई घराच्या दारात कॅरिॲटिडसारखी उभी आहे असं असेल, तर आधी लेखकाला कोणती कॅरिॲटिड अभिप्रेत आहे ते ओळखा. नवऱ्याच्या घराण्याचं ओझं वाहून दमलेली असेल तर लेखक व्हिट्रुव्हिअसच्या बाजूचा आहे, तिथे 'जिच्या डोक्यावर अख्खं घर उभं आहे अशी' असं सरळ लिहा. ताठ, शांत, न हलणारी असेल तर तो इरेक्थिऑनसमोर उभा राहून आलेला आहे. तिथे मी 'डोक्यावर भरली घागर असल्यासारखी ती उभी होती' असं लिहीन. हंड्याखालची मान कशी असते हे आपल्या वाचकाला ग्रीसला न जाता माहीत आहे. ते मूळ वाक्य आणि त्याच्या मागचीपुढची चार वाक्यं पाठवलीत तर दोन्हींतलं कुठलं ते बघून सांगते.